जुन्या ट्रकचं इंजिन ऑइल खातंय: रिंगाच गेल्या की आणखी काही?

मालवाहू:
नमस्कार मंडळी. जुना ट्रक आहे, सहा सिलिंडर, टर्बो नाही, जुन्या पद्धतीचा इनलाइन डिझेल पंप, वेट लायनरचं (सिलिंडरची बदलता येणारी नळी, बाहेरून थेट पाण्यात) इंजिन. गाडी भरलेली असताना चढणीला निळसर धूर सोडते. ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातला वाफारा बाहेर सोडणारी नळी) सतत वाफारा येतो. हजार किलोमीटरला साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल लागतंय. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर येतो आणि मग थांबतो. पिकअप उतरलाय. बाहेर गळती कुठेच नाही, रेडिएटरचं पाणीही कमी होत नाही.

मिस्त्री म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. खोलायला माझी ना नाही. पण एकदा हेड उतरलं की चालत्या इंजिनवर जे तपासता येतं ते हातचं जातं. म्हणून आधी काय काय बघून घेऊ?

पाना_सतरा:
इंजिन गरम करा, आयडलिंगला ठेवा, ऑइल फिलरचं झाकण काढून उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर रिंगा गेल्या समजा. डिपस्टिक आपोआप वर सरकते का तेही बघा.

लेथघर:
झाकणाची परीक्षा झटपट होते, मीही करतो. पण चेंबरमध्ये (क्रँक फिरतो ते इंजिनचं खालचं पोट) दाब आहे, एवढंच ती सांगते. तो आला कुठून, हे सांगत नाही. ट्रकमध्ये हा दाब दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक इंजिनच्या रिंगा. दुसरा ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर, कारण तो इंजिनच्याच ऑइलवर चालतो आणि त्याच्या रिंगा झिजल्या की त्याची हवासुद्धा चेंबरमध्येच उतरते. कॉम्प्रेसरच्या दोषापायी अख्खं इंजिन खोललेलं मी पाहिलंय. नवीन किट पडलं, गाडी बाहेर आली, आणि ब्रीदर पहिल्यासारखाच वाहत होता.

तपासायला अवजार लागत नाही. एअर टाक्या पूर्ण रिकाम्या करा. इंजिन सुरू करून हवा भरू द्या आणि त्या वेळी ब्रीदरच्या तोंडाशी लक्ष ठेवा. दाब पूर्ण झाला की गव्हर्नर कटआउट घेतो आणि कॉम्प्रेसरवरचा भार जातो. त्याच क्षणी ब्रीदरचा झोत लक्षात येण्याइतका मंदावला तर आधी कॉम्प्रेसर उतरवा. काहीच फरक पडला नाही तर मामला इंजिनचा. जाता जाता टाकीचा ड्रेन उघडून पाण्याबरोबर किती ऑइल येतं ते बघा. भरपूर येत असेल तर तुमच्या साडेतीन लिटरांतला काही वाटा तिकडे जातोय.

आता धूर. रंगापेक्षा तो कधी येतो याकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळा भपका सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्याचं सील. भाराखाली, चढणीला, सतत निळा येत राहिला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत). पेट्रोल गाड्यांचा एक नियम लोक डिझेलला लावतात: उतारावर पाय काढून मग पेडल दाबलं आणि लोट आला की गाइड खराब. डिझेलला सहसा थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये तेवढी ओढच तयार होत नाही. त्या नियमावर विसंबू नका.

तुमचा सकाळचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. कॉम्प्रेशन कमी, म्हणून हवा पुरेशी तापत नाही. पण नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारा) गळत असेल किंवा पंपाचं टायमिंग मागे गेलं असेल तरी हेच दिसतं. म्हणून नोझल काढाल तेव्हा ते टेस्टिंगला पाठवाच.

रस्तादादा:
एवढा खटाटोप कशाला? एक ग्रेड जाड ऑइल टाका, त्यात रिंगा मोकळ्या करणारं औषध टाका, वर्षभर निघेल.

लेथघर:
रस्तादादा, रिंगा कार्बनने खाचेत चिकटल्या असतील तर त्या औषधाने कधी कधी खरंच मोकळ्या होतात. तासन् तास आयडलिंगला उभं राहणारं इंजिन, किंवा थर्मोस्टॅट काढून टाकल्यामुळे कायम थंड चालणारं इंजिन, यांत तसं होतं. मालवाहू, तुमच्या इंजिनला थर्मोस्टॅट आहे ना? नसेल तर तो आजच बसवा. पण धातू झिजला असेल तर कुठलंही औषध तो परत आणत नाही. आणि जाड ऑइल थंडीत पंपातून वर चढायला वेळ लावतं, तेवढ्यात टॅपेट नि बेअरिंग कोरडी फिरतात.

घाटचालक:
हे कॉम्प्रेशन वगैरे होईल तेव्हा होईल, आधी एक सांगतो. ब्रीदरचा पाइप मोकळ्या हवेत सोडलाय की एअर क्लीनरच्या पुढे इनटेकला जोडलाय? इनटेकला असेल तर सांभाळा. वाफाऱ्याबरोबर ऑइलचे थेंब आत जातात आणि इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळायला लागतं. पाय काढला तरी रेस चढतच जाते. स्टॉप केबल ओढून उपयोग नसतो, कारण डिझेल बंद झालं तरी ऑइल जळत असतं. अशा वेळी हवा तोडायची. इनटेकच्या तोंडावर जाड फळी किंवा पत्रा दाबायचा. हात नाही, फडकं नाही, दोन्ही आत ओढले जातात. चालत्या गाडीत असाल तर मोठा गिअर टाकून, ब्रेक दाबून ठेवून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं. आणि वाफारा दिसू नये म्हणून ब्रीदरला बूच मारणारे लोक आहेत. कृपा करून ते करू नका, सगळी ऑइल सील बाहेर येतील.

मालवाहू:
घाटचालक, पाइप खाली मोकळा सोडलेला आहे, तरी फळी केबिनमध्ये ठेवली. थर्मोस्टॅट जागेवर आहे, गरम पाण्यात टाकून पाहिला, उघडतो.

कॉम्प्रेसरची परीक्षा केली. कटआउट झाल्यावर ब्रीदर जसाच्या तसा. टाकीतून पाणी आलं, ऑइलचा नुसता तवंग होता.

सगळे नोझल काढून, डिझेल बंद ठेवून, गरम इंजिनवर कॉम्प्रेशन घेतलं. बॅटरी पूर्ण चार्ज होती. एक ते सहा क्रमाने, बारमध्ये: २४, २३, १९, २२, १८, २३. मॅन्युअलात किमान २२ दिलंय. नोझल टेस्टिंगला दिले, एकाचा दाब कमी निघाला, गळणारा एकही नाही.

पाना_सतरा:
तीन आणि पाच. आता त्या दोन सिलिंडरांत थोडं ऑइल ओता आणि परत घ्या. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. जुनी युक्ती आहे.

लेथघर:
ती युक्ती पेट्रोल इंजिनाची. डिझेलमध्ये ती फसवते, हिशोब करून दाखवतो. बोअर १०५ मिमी आणि स्ट्रोक ११० मिमी धरा. एका सिलिंडरचं माप सुमारे ९५० सीसी झालं. कॉम्प्रेशन रेशो १७ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ५९ सीसी. त्यात १५ सीसी ऑइल ओतलं की उरली ४४. रेशो एकदम साडेबावीसच्या वर गेला. रिंगा कशाही असोत, आकडा वाढणारच! त्यापेक्षा जास्त ओतलं तर पिस्टन ऑइलवर आदळून रॉड वाकायचा धोका वेगळाच.

त्याऐवजी लीक-डाउन करा. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला अगदी वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, फ्लायव्हील अडकवून ठेवा, कारण हवा सोडल्यावर इंजिन गर्रकन फिरतं आणि पाना हातात असेल तर मनगट जातं. मग नोझलच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावून ऐका. फिलरमधून सूं आला तर रिंगा. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आला तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट किंवा तडा. आसपास कुणाला बोलू देऊ नका. मात्र चांगल्या सिलिंडरातही रिंगांच्या तोंडातून (दोन टोकांमधल्या फटीतून) थोडी हवा जातेच, म्हणून आधी एक नंबर ऐका, मग तीन.

वंगणमापी:
मी ऑइल तपासणीच्या कामात आहे, म्हणून एक भर. इंजिन खोलण्याआधी चालू ऑइलचा नमुना तपासून घ्या. रिंगा गेल्यात का, याचं उत्तर लीक-डाउन देईल. त्या का गेल्या, हे ऑइल सांगतं, आणि ते कळलं नाही तर नवीन रिंगाही त्याच वाटेने जातील.

नमुना इंजिन गरम असताना घ्या. ड्रेन करताना पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत धरा. अहवालात सिलिकॉन, लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढलेले दिसले तर धूळ आत जातेय: धुळीतलं सिलिकॉन, लायनरचं लोह, रिंगांचं क्रोमियम, पिस्टनचं ॲल्युमिनियम. सिलिकॉन एकटंच जास्त असेल तर घाबरू नका, ते गॅसकेटच्या सीलंटमधूनही येतं. ऑइल पातळ झालेलं आणि डिझेलमिश्रित निघालं तर नोझल किंवा पंपाकडे बघा, कारण डिझेल बोअरवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. सोडियम, पोटॅशियम दिसलं तर कूलंट आत येतंय.

मालवाहू:
वंगणमापी, फार उपयोगी सल्ला. अहवाल आला. सिलिकॉन, लोह आणि क्रोमियम तिन्ही वर, ॲल्युमिनियमही वाढलेलं. डिझेल नाही, कूलंट नाही.

लीक-डाउनमध्ये तीन आणि पाच दोन्हींचा सूं फिलरमधून स्पष्ट ऐकू आला. पाच नंबरला सायलेन्सरमधूनही बारीक आवाज आहे.

मग हवेची वाट शोधायला लागलो. एअर फिल्टर चांगला, त्याचं रबरी सील चांगलं. बोटाला पांढरं फडकं गुंडाळून फिल्टरनंतरच्या पाइपात आतून फिरवलं. वरच्या अंगाला फडकं स्वच्छ. खालच्या अंगाला, जिथे रबरी होज मॅनिफोल्डच्या नळीवर चढतो, तिथे तपकिरी रेघ उठली, पिठासारखी बारीक धूळ. होज बाहेरून धडधाकट दिसत होता. क्लॅम्प सोडून काढला आणि हाताने वाकवला तेव्हा क्लॅम्पच्या कडेखाली तीन बोटं लांबीची चीर उघडली. सरळ धरला की मिटते. इंजिन हललं की उघडत असणार.

वंगणमापी:
हेच कारण. फिल्टरनंतरच्या पाइपात धुळीचा कणही असता कामा नये. होजबरोबर क्लॅम्पही बदला, आणि त्याच पाइपावर एअर कॉम्प्रेसरची सक्शन नळी जोडलेली असेल तर तिचा जोडही बघा. तो नेहमी नजरेतून सुटतो.

लेथघर:
आता खुशाल खोला. सुरुवात हेडपासून. पाच नंबरचे व्हॉल्व्ह बघायचे आहेतच, तर सगळ्यांचे गाइड मापून घ्या, सीट लॅप करून (व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून) घ्या. पिस्टन काढण्याआधी रॉड आणि कॅपवर नंबर आहेत का बघा, नसतील तर खुणा करा. कॅप अदलाबदल चालत नाही, दिशाही उलटत नाही.

आणि रिंगा फेकू नका. पिस्टननिहाय मांडून ठेवा, मापायच्या आहेत.

मालवाहू:
खोललं. तीन नंबरचं सांगतो. लायनरमध्ये वरून बोट फिरवलं तर नख अडतं, चांगली पायरी पडलीय. होनिंगच्या (लायनर आतून मुद्दाम घासल्याच्या) तिरप्या रेघा खालच्या भागात अजून दिसतात, वरच्या भागात एकही नाही. टॉप रिंगेचा चेहरा (लायनरला टेकणारी बाहेरची कड) चकचकीत नसून मळकट राखाडी, त्यावर उभ्या बारीक रेघा. ऑइल रिंग कार्बनने जाम नव्हती, हाताने फिरत होती. बोअर गेज सध्या मिळत नाहीये. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे. त्यावर काय होईल?

लेथघर:
पुष्कळ होईल. तीन नंबरची जुनी टॉप रिंग त्याच लायनरमध्ये घाला. पिस्टन उलटा धरून तिला खाली ढकला म्हणजे ती सरळ बसेल. रिंग जिथपर्यंत कधी पोचतच नाही अशा तळाच्या भागात तोंडाची फट मोजा. मग ती वर आणून पायरीच्या लगेच खाली मोजा. दोन्ही आकडे टाका.

मालवाहू:
तळाला १.०५ मिमी. पायरीखाली १.९० मिमी. मॅन्युअलात नवीन रिंगेची फट ०.३५ ते ०.५५ आहे.

लेथघर:
आता यातून सगळं वाचता येतं. रिंगेची फट परिघावर मोजली जाते, म्हणून बोअरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट फट वाढते. तुमच्या दोन मापांत फरक ०.८५. भागिले ३.१४ केलं की ०.२७ मिमी. म्हणजे लायनर वरच्या भागात व्यासाने ०.२७ झिजलाय. हे झालं लायनरचं.

तळाला लायनर झिजलेला नाही, तरी फट १.०५ आहे. नवीन रिंगेची ०.४५ धरली तर वाढलेली ०.६० ही रिंगेची स्वतःची झीज. तिला ६.२८ ने भागा, कारण चेहऱ्याची झीज त्रिज्येत धरायची: रिंगेचा चेहरा जवळपास ०.१ मिमी गेलाय. लायनर वर जास्त झिजलेला, रिंगेवर उभ्या रेघा, खाली होनिंग शाबूत, ही धुळीच्या झिजेची नेहमीची खूण. वंगणमापींच्या अहवालाशी तंतोतंत जुळतं.

रस्तादादा:
हिशोब पटला. पण मग लायनर तेच ठेवून, होन मारून, फक्त नवीन रिंगा टाकल्या तर?

लेथघर:
बोअरची झीज मॅन्युअलच्या मर्यादेत असती, पायरी जेमतेम असती आणि पिस्टनच्या खाचा धड असत्या, तर मीच तसं सुचवलं असतं. इथे नाही. ०.२७ झिजलेल्या बोअरमध्ये नवीन रिंग प्रत्येक स्ट्रोकला उघडमीट करत राहील आणि लवकर ताण सोडेल. शिवाय पायरी. जुन्या रिंगेचा कोपरा पायरीबरोबर घासून गोल झालेला असतो. नवीन रिंगेचा कोपरा धारदार असतो, तो पायरीला जाऊन आदळतो, आणि रिंग तरी तुटते किंवा पिस्टनवर दोन खाचांमधली भिंत फुटते. वेट लायनर आहे, ओढून काढता येतो. सहाही लायनर, पिस्टन, रिंगा असं पूर्ण किट टाका. तीन आणि पाच तेवढेच बदलू नका, धूळ सगळीकडे गेली आहे, आणि बाकीचे चार सिलिंडर २२-२४ वर आहेत म्हणजे किमानाला टेकलेच आहेत.

आता बसवण्याच्या गोष्टी, कारण किट चांगलं असूनही काम इथेच बिघडतं.

लायनर काढल्यावर ब्लॉकमधली त्याची बैठक घासून स्वच्छ करा, कार्बनचा एक कण राहिला तरी लायनर तिरका बसतो. खालच्या ओ-रिंगा पिळा न पडता बसवा. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते डायल गेजने चार ठिकाणी मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. तो खाली बसला तर हेड गॅसकेट धरणार नाही. जुन्या लायनरची पाण्याकडची बाजूही बघा. बारीक खड्डे पडलेले असतील तर यापुढे कूलंट योग्य मिश्रणाचं वापरा, साधं पाणी नको.

नवीन रिंगांची फट प्रत्येकीची, तिच्या तिच्या लायनरमध्ये मोजा. कमी निघाली तर कानशीने तोंड घासा, बाहेरून आतल्या दिशेने, म्हणजे रिंगेच्या चेहऱ्यावरचा लेप उचकटणार नाही. फट कमी ठेवणं सर्वांत वाईट, गरम झाल्यावर दोन्ही टोकं भिडतात आणि रिंग लायनरमध्ये रुतते. रिंगा चढवायला एक्स्पँडर वापरा, मळसूत्रासारख्या फिरवून चढवू नका. खुणेची बाजू वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते, आणि नव्या इंजिनातून धूर येतो. ऑइल रिंगेच्या आतल्या स्प्रिंगचा जोड रिंगेच्या तोंडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवा. तिन्ही रिंगांची तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर.

पिस्टन आत सोडताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, क्रँकच्या जर्नलला ओरखडा नको. खाली ऑइल मारणारे जेट असतील तर त्यांना रॉड लागू देऊ नका. बिग एंडच्या बेअरिंगही बदला, उघडलंच आहे.

मालवाहू:
बसवलं. दोन लायनर किंचित खाली बसत होते, शिम टाकून मापात आणले. तीन रिंगांची फट ०.३० निघाली, घासून ०.४० केली. हेड आलं, पाच नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर एका बाजूला कार्बन बसलेला होता, लॅप करून घेतलं. नवीन होज, नवीन क्लॅम्प. कमी दाबाचा नोझल दुरुस्त होऊन आला.

पहिल्यांदा सुरू करताना काय सांभाळू?

घाटचालक:
स्टॉप ओढून स्टार्टर मारा, थोडा थोडा, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. मग डिझेल सोडा. सुरू झालं की गळती, दाब, पाणी बघा आणि गाडी रस्त्यावर काढा. तासभर आयडलिंगला ठेवून "रिंगा बसू द्या" म्हणतात ते ऐकू नका.

लेथघर:
घाटचालकांना दुजोरा. रिंगेला लायनरवर दाबण्याचं बरंचसं काम तिच्या मागे शिरलेला जळत्या वायूचा दाब करतो. आयडलिंगला तो दाब नसतो. होनिंगच्या रेघांचे उंचवटे घासले जाण्याऐवजी त्यांवर ऑइलचा गुळगुळीत थर भाजून बसतो, आणि मग त्या रिंगा कधीच धरत नाहीत. मध्यम भार घ्या, चढणीवर मोठ्या गिअरमध्ये इंजिन दमवू नका, वेग बदलता ठेवा. साधं खनिज ऑइल, मॅन्युअलच्या ग्रेडचं, आणि पहिला बदल लवकर. सुरुवातीला थोडा निळा धूर दिसेल, सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल साठलेलं असतं.

मालवाहू:
गाडी अर्ध्या भाराने रस्त्यावर आहे. सुरुवातीचा धूर गेला. ब्रीदरला हात धरला तर नुसती ऊब लागते. सकाळी स्टार्टरला लगेच उचलते, पांढरा धूर नाही. पहिलं ऑइल बदललं, तोपर्यंत डिपस्टिकवर पातळी जेमतेम हलली होती. नमुना वंगणमापींनी सांगितला तसाच मधल्या धारेचा घेतलाय, आकडे आले की टाकतो.

वंगणमापी:
पहिल्या नमुन्यात लोह जास्तच येईल, नवीन लायनर-रिंगा एकमेकांना बसताना घासतात, आणि सीलंटचं सिलिकॉनही दिसेल. त्यावरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या बदलाला दोन्ही उतरत गेले पाहिजेत. लोह उतरलं आणि सिलिकॉन तिथेच राहिलं तर परत फडकं घेऊन पाइपात शिरा.

नवा_चालक:
माझ्या ट्रकला टर्बो आहे. ऑइल जातं, ब्रीदरही वाहतो, पण सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन चांगलं आहे. कुठून सुरू करू?

लेथघर:
टर्बोपासून. त्याच्या हवेच्या बाजूचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का बघा, शाफ्ट हलवून बघा. टर्बोची सील गेली की एक्झॉस्टचा दाब त्याच्या ड्रेन पाइपातून थेट चेंबरमध्ये येतो. ड्रेन पाइप चोंदलाय का तेही पाहा. कॉम्प्रेसरची कटआउट परीक्षा तुम्हीही करा, आणि आकडे इथे टाका.